कुंडीतले पांढरे किडे: तरंगतात, पण उडी मारत नाहीत

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत पंधरा-सोळा कुंड्या आहेत: तुळस, कढीपत्ता, मोगरा, मनी प्लांट. जूनच्या शेवटापासून पाणी घातलं की कुंडीखालच्या ताटलीत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे किडे तरंगताना दिसतात. परवा दोन-चार बाथरूमच्या उंबऱ्यापाशीही दिसले. नेटवर शोधलं तर ‘स्प्रिंगटेल’ असं आलं, पण स्प्रिंगटेल उडी मारतात म्हणे आणि हे तर ढिम्म. पेस्ट कंट्रोलचा माणूस बघून गेला, ‘वाळवीची पिल्लं आहेत’ म्हणाला आणि सगळ्या कुंड्यांना औषध मारायचे साडेतीन हजार सांगून गेला. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. तर औषध कोणतं मारायचं, माती फेकायची का, आणि बाराव्या मजल्यावर हे आले कुठून?

ताई, औषध मारू नका आणि माती फेकू नका. मी स्वतः ठाणे-नवी मुंबईत गेली बावीस वर्षं पेस्ट कंट्रोलचंच काम करतो. शिक्षण शेतकीचं, त्यात कीटकशास्त्र, त्यामुळे किडा मारण्याआधी त्याचं तोंड बघायची खोड आहे. धंद्याच्या दृष्टीने ही खोड महागात पडते. पण तुमच्या साडेतीन हजारांचं म्हणाल तर ते वाचले.

वाळवीचं आधी निकालात काढू. वाळवीचं पिल्लू वारुळाबाहेर एकटं जगत नाही, कामकरी त्याला भरवतात. आणि कामकरी वाळवी चांगली तांदळाच्या दाण्याच्या जवळपास असते, तिला बघायला भिंग लागत नाही. ताटलीतल्या पाण्यावर रोज डझनभर ‘वाळव्या’ तरंगताना मी बावीस वर्षांत एकदाही बघितलेल्या नाहीत.

आता तुमच्याकडे काय आहे ते तुम्हीच घरी ठरवा. काळ्या रंगाची पसरट थाळी घ्या, नॉनस्टिक पॅन चालेल (घरात सांगू नका). कुंडीच्या कडेला बोटभर खोल खणून दोन चमचे माती काढा, थाळीत टाका, वर पेलाभर पाणी ओता, काडीने हलकेच ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. थाळी काळी नसेल तर पाण्यात काळ्या शाईचे दोन थेंब टाका. मग मोबाइलचा कॅमेरा झूम करून किंवा दहापट दाखवणारं भिंग लावून बघा.

पांढरे, लांबट, स्वल्पविरामाएवढे ठिपके पाण्यावर बसलेले दिसतील. बुडणार नाहीत, ओलेही होणार नाहीत. पुढे दोन आखूड मिशा, खाली सहा पाय. कोरड्या ब्रशच्या टोकाने एकाला डिवचा. टुणकन उडालं तर ते उडणाऱ्यांपैकी. नुसतं अंग आकसून बसलं किंवा सावकाश चालू लागलं, तर तुमचा किडा तो, ज्याबद्दल मला मनापासून लिहायचंय. दुसरं काही असलं तर तेही इथेच कळेल: गोल, चकाकतं, आठ पायांचं दिसलं तर तो कोळी वर्गातला माइट, पारदर्शक अळी आणि काळंभोर डोकं दिसलं तर कुंडीवर घोंघावणाऱ्या चिलटांची अळी, तळाला बसलेले पांढरे दोरे वळवळत असले तर गांडुळाचेच धाकटे भाऊबंद. मुळांना चिकटून राहणारा, अंगावर मेणाचा पिठूळ थर असलेला मावा मात्र निघाला तर वेगळा प्रश्न विचारा, त्याला उपाय लागतो.

ही थाळीची युक्ती माझी नाही, प्रयोगशाळेतली आहे. मातीत विष आहे का हे तपासायला जगभर फोल्सोमिया कँडिडा नावाचा एक पांढरा, आंधळा स्प्रिंगटेल वापरतात. त्याची आयएसओ प्रमाणित पद्धत आहे. बरणीत तपासायची माती घालायची, त्यात दहा पोरसवदा स्प्रिंगटेल सोडायचे, २८ दिवस ठेवायचे, मग वरून पाणी ओतून ढवळायचं, शाई घालायची आणि काळ्या पाण्यावर तरंगून आलेली पिल्लं मोजायची. पिल्लं भरपूर तर माती चांगली. म्हणजे तुमच्या ताटलीत जे दिसतंय ते प्रयोगशाळेच्या हिशेबाने ‘माती पास’ असंच वाचलं जाईल.

स्प्रिंगटेलना शास्त्रात कोलेम्बोला म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव माझ्या ऐकण्यात नाही. माझ्याकडची पोरं ‘टुणटुणे’ म्हणतात. सहा पाय असूनही आता यांना सहसा कीटकांत धरत नाहीत. कीटकाचा जबडा बाहेर दिसतो, यांचा डोक्यातल्या खिशात लपलेला असतो. शिवाय पोटाचे खंड सहाच. उडणाऱ्या जातींमध्ये पोटाखाली एक दुफाटा शेपूट पुढच्या बाजूला दुमडून आकड्यात अडकवलेलं असतं. आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर उंदराच्या सापळ्याची ताणलेली तार. आकडा सुटला की शेपूट जमिनीवर आपटतं आणि किडा भिरभिरत वर. कुठे पडेल ते त्यालाही ठाऊक नसतं.

मग तुमचे का उडत नाहीत? कारण ते मातीच्या आत राहणारे आहेत. या वर्गात ओनिकियुरिडी आणि तिच्याच नात्यातली टुलबर्गिइडी अशी दोन कुळं आहेत. दोघांतले बहुतेक सगळे पांढरे, बिनडोळ्यांचे आणि बिनउडीचे. टुलबर्गिइडीतले तर एवढे बारीक आणि सडपातळ की कित्येक जाती मिलिमीटरभरही भरत नाहीत. या कुळात ते शेपूट नसतंच. ओनिकियुरिडीत नसतं किंवा असलंच तर नावापुरतं. मातीच्या कणांमधल्या फटीत राहणाऱ्याने उडी मारून जायचं कुठे? सकाळी साडेआठच्या ठाणे लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला विचारा. तिथे उडीचा उपयोग नाही, अंग चोरता आलं पाहिजे. डोळ्यांचंही तेच, अंधारात ते कशाला हवेत? मिशांच्या मागे मात्र एक बारीक अवयव असतो, तो आजूबाजूचे रासायनिक इशारे टिपायच्या कामी येत असावा असं मानतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. गांडूळ स्वतः माती खाऊन, ढकलून वाट करतं. याला ती ताकद नाही. हा आयत्या फटींमधून फिरतो: मुळं कुजून राहिलेल्या नळ्या, गांडुळांची बिळं, कोकोपीटच्या धाग्यांमधल्या जागा. कुंडीत पाणी ओतलं की त्या फटी भरतात. किड्याचं अंग अळूच्या पानासारखं, पाणी चिकटतच नाही, त्यामुळे तो बुडत नाही आणि पाण्याबरोबर वर नाहीतर खाली वाहत जातो. खालच्या भोकातून ताटलीत. म्हणजे ताटलीत दिसणारे किडे कुठूनसे चालून आलेले नाहीत, तुम्ही दर सकाळी त्यांना घरातून उपसून काढताय. आणि रोज डझनावारी निघताहेत याचा अर्थ कुंडीत पाणी रोज फटी भरून वाहण्याइतकं पडतंय.

या पांढऱ्यांची अजून एक गंमत, भिंगाने नाही, मायक्रोस्कोपनेच दिसते. उडी नाही, डोळे नाहीत, मग शत्रूपासून बचाव कसा? यांच्या अंगावर ठरावीक जागी पातळ कातडीची गोल कड्यांसारखी छिद्रं असतात. जुन्या अभ्यासकांना ती डोळ्यांसारखी वाटली, म्हणून नाव पडलं ‘स्यूडोसेलाय’, म्हणजे खोटे डोळे. आंधळ्या प्राण्याच्या पाठीवर खोटे डोळे! शिकारी माइटने धरलं की त्या छिद्रांतून चिकट, बेचव द्रव पाझरतो आणि माइट तोंड पुसत मागे सरतो. कोणत्या खंडावर किती खोटे डोळे आणि अंगावरचे केस कसे मांडलेले, यावरून जाती ओळखतात. त्यामुळे फोटोवरून कोणी छातीठोक जातीचं नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मीही सांगत नाही. कूळ सांगतो आणि गप्प बसतो.

टुलबर्गिइडी हे नाव स्वीडनच्या टायको टुलबर्ग या प्राणिशास्त्रज्ञावरून आलेलं. त्याच्या सन्मानार्थ टुलबर्गिया ही प्रजाती जॉन लबकने १८७६ साली वर्णिली, पुढे तिच्यावरून कुळाचं नाव झालं. कोलेम्बोला हे वर्गनामही लबकचंच, ग्रीकमधल्या ‘डिंक’ आणि ‘खुंटी’ या शब्दांवरून. सगळ्या स्प्रिंगटेलना पोटाखाली एक नळीसारखी खुंटी असते, तिने ते चिकटतात असं त्याला वाटलं. आता माहीत आहे की तिचं मुख्य काम अंगातल्या पाण्याचा समतोल राखणं. हा लबक पेशाने बँकर आणि इंग्लंडच्या संसदेत खासदार. १८७१ चा बँक हॉलिडेचा कायदा यानेच आणला. तेव्हा पुढच्या वेळी बँकेला सुट्टी असली आणि तुमचं काम अडलं की या माणसाची आठवण काढा.

आणखी एक नाव सांगायचा मोह आवरत नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या दगडात सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा स्प्रिंगटेल सापडला, ऱ्हायनिएला प्रीकर्सर. १९२६ साली त्याला नाव देणारे दोघे होते, हर्स्ट आणि मौलिक. यातले मौलिक म्हणजे भारतीय कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक, एरवी भुंगेऱ्यांवर काम करणारे. डायनोसॉर यायला तेव्हा अजून सतरा कोटी वर्षं अवकाश होता. तुमच्या ताटलीतल्या मंडळींचं खानदान एवढं जुनं आहे.

बाराव्या मजल्यावर ते लिफ्टने आले, म्हणजे अक्षरशः. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीत, गांडूळखताच्या पिशवीत, शेणखतात यांची अंडी आणि पिल्लं असतात, आणि असायलाच हवीत. ज्या गांडूळखतात एकही स्प्रिंगटेल नाही ते मी दुसऱ्यांदा घेणार नाही. शिवाय टुलबर्गिइडीतल्या कित्येक जातींमध्ये नर सापडतच नाहीत, माद्याच माद्या. फोल्सोमियाचंही तसंच. एका पिशवीतून एक मादी आली तरी कुंडीची बेगमी झाली. ज्या जातींत नर असतात तिथेही लग्न लागत नाही: नर मातीवर शुक्राचा थेंब ठेवून जातो, बऱ्याच जातींत देठावर, मादी तिच्या सोयीने उचलते.

आता जूनच्या शेवटीच का दिसले? ते आधीही होते. यांची कातडी इतकी पातळ की बहुतेक जाती तिच्यातूनच श्वास घेतात, फुप्फुसं नाहीत, कीटकांसारख्या श्वासनळ्याही नाहीत. अशा कातडीतून पाणीही सहज उडून जातं. कोरड्या फरशीवर पडलेला पांढरा स्प्रिंगटेल फार वेळ टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये वरची माती तापते तेव्हा ते कुंडीच्या तळाशी, मुळांच्या गुंत्यात दडून बसतात. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, वरच्या थरात बुरशीचे धागे फुटले की वर येतात. बुरशी, कुजका पाला, जीवाणू, शेवाळ हेच यांचं जेवण. तुम्हीच कळवलंय की कुंड्यांना तांदळाचं धुवण, ताक आणि चहाचा चोथा घालता. पावसाळ्यात हे म्हणजे बुरशीला घातलेलं आमंत्रण, आणि बुरशी आली की हे पंगतीला.

यात झाडाचं नुकसान? सहसा काहीच नाही, फायदाच. कुजणारा पाला हे कुरतडतात, त्यांच्या लेंड्यांवर जीवाणू वाढतात, खत लवकर मुरतं. रोपांची मर करणारी रायझोक्टोनिया नावाची बुरशी स्प्रिंगटेल आवडीने खातात. कापसाच्या रोपांवर अमेरिकेत तसे प्रयोगही झालेत आणि रोपं कमी मेली. समशीतोष्ण देशांतल्या चांगल्या मातीत चौरस मीटरला दहा हजार ते लाखभर स्प्रिंगटेल ही नेहमीची गोष्ट आहे. येऊरच्या पायथ्याशी ओळखीच्या एका काकांच्या अंगणात आंबा आहे, त्याखालचा मूठभर पाला मी दर पावसाळ्यात आणतो आणि दुकानात गाळणीला लावतो. दोन लिटरची पाण्याची बाटली मधून कापायची, वरचा भाग उलटा बसवला की नरसाळं तयार. त्यात मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, त्यावर पाला, वर पिवळा चाळीस वॉटचा बल्ब. एलईडी चालत नाही, ऊब हवी. असा बल्ब आता स्टेशन रोडला शोधावा लागतो. वरून पाला सुकत येतो तसे किडे खाली खाली सरकतात आणि शेवटी खालच्या वाटीतल्या स्पिरिटमध्ये टपकतात. असं नरसाळं पहिल्यांदा इटलीच्या बर्लेसेने १९०५ मध्ये केलं, गरम पाण्यावर. दिवा लावायची कल्पना स्वीडनच्या टुलग्रेनची. (टुलबर्ग वेगळा, टुलग्रेन वेगळा. मी स्वतः पाच वर्षं गोंधळ घालत होतो.) वाटीत सकाळपर्यंत राखाडी, जांभळट, चट्टेरी उडणारे येतात ते वरच्या पाल्यातले, पांढरे सगळ्यात शेवटी येतात, जाळीला लागून खाली माती असली तरच.

हे सगळं शहाणपण मला पहिल्या दिवसापासून नव्हतं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ठाणे जिल्हाही बुडाला. तळमजल्यांच्या भिंती दिवाळीपर्यंत ओल्या होत्या. मी धंद्यात नवा, आणि कळव्यातल्या एका तळमजल्याच्या घरून फोन आला: मोरीच्या कडेने पांढरे किडे निघतात. मी बघितलं न बघितलं केलं आणि सायपरमेथ्रिन मारून आलो. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा मारलं, जरा कडक करून. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा घरातल्या आजींनी मला मोरीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, ‘बाबा, तू बस इथं आणि बघ ते कुठनं येतायत.’ मी बसलो. वीसेक मिनिटांनी दिसलं, फरशीच्या सांध्यातून एक एक करून वर येत होते आणि तो सांधा बोटाला गार लागत होता. प्लंबरने फरशी उचलली तर खाली सांडपाण्याचा पाइप तडकलेला. पाइप बदलला, खड्डा आठ दिवस उघडा ठेवून सुकवला, किडे गेले. तिसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत. आधीच्या दोन वेळचे परत करायला हवे होते, ते धाडस झालं नाही.

पुढे वाचनात आलं की हे जुनंच दुखणं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात शेतात डीडीटी मारलं तेव्हा कित्येक ठिकाणी मातीतले स्प्रिंगटेल कमी व्हायच्या ऐवजी वाढले. कारण औषधाने त्यांना खाणारे माइट आधी मेले. सगळीच औषधं असं करतात असं नाही. क्लोरपायरीफॉससारखं औषध स्प्रिंगटेल साफ करतं. पण ते तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीत, दोन वर्षांच्या मुलीच्या हाताशी? मी नाही मारणार आणि कोणी मारायला आला तर त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवा.

तर करायचं काय. सगळ्यात आधी ताटल्या. पावसाळाभर कुंडीखाली ताटलीच ठेवू नका. खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून भांडण होत असेल तर ठेवा, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासात ओतून टाका. पाणी रोज घालायची सवय मोडा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा; कोरडं लागलं तरच पाणी. पश्चिमेची, पावसाची झड येणारी बाल्कनी असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस पाणी लागत नाही, मनी प्लांटला तर त्याहून कमी. कुंडीची भोकं खालून काडी घालून मोकळी करा, मुळांनी बुजलेली असतात. ताक, धुवण, चोथा, केळीची सालं हे सगळं दसऱ्यापर्यंत बंद. वरचा इंचभर थर खुरप्याने हलवून ठेवा, वारा लागू दे. एवढं केलंत तर पंधरा दिवसांत ताटलीतला आकडा खाली येतो. शून्य होणार नाही आणि मला तरी तो शून्य नकोय.

काय करू नका हेही सांगतो, कारण सोसायटीच्या ग्रुपवर भलते उपाय फिरतात. कुंडीत फिनेल नको, मीठ नको, गॅमॅक्झिनची जुनी पुडी कोणाच्या माळ्यावर निघाली तर ती तर अजिबात नको. हळद टाकलीत तर काही बिघडणार नाही, काही घडणारही नाही. निंबोळी पेंड चांगली वस्तू आहे, पण भर पावसात ओल्या मातीवर पसरलीत तर चार दिवसांत तिच्यावरच पांढरी बुरशी धरते आणि पाहुणे दुप्पट होतात. पेंड ऑक्टोबरात घाला.

बाथरूमच्या उंबऱ्याचं वेगळं बघावं लागेल. तुम्ही कुंड्या तिथे नेऊन धुता का? तसं असेल तर दोन-चार तिथे सांडलेले असणार, आपोआप सुकून मरतील. कुंड्या कधीच तिथे नेल्या नसतील तर मला कळव्याची मोरी आठवते. पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन उंबऱ्यालगतच्या कोरड्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय, आणि मग माझ्यासारख्याला नको, प्लंबरला बोलवा. थेंब बाहेरच्या बाजूला असले तर नुसती हवेतली दमट, पंखा जास्त वेळ चालवा. नवी मुंबईत मी ही पट्टी पेस्ट कंट्रोलच्या पेटीतच ठेवतो. निम्म्या वेळा तिनेच काम होतं, आणि फवारणीचं बिल बुडतं.

स्प्रिंगटेल कायम निर्दोष असतात असं मात्र नाही. घरी धिंगरी अळिंबी करत असाल तर ते शत्रूच, कारण तिथे तुमचं पीकच बुरशी आहे. पिशव्या कुंड्यांपासून लांब आणि जमिनीपासून उंच टांगा. युरोपात ओनिकियुरिडीतल्या काही जाती साखरबीटाची नुकती उगवलेली रोपं कुरतडतात, ऑस्ट्रेलियात एक गोलमटोल हिरवट स्प्रिंगटेल लसूणघासाचं नुकसान करतो. आपल्याकडे कुंडीत मेथी-पालकाची रोपं कोवळी असताना माती चिखल ठेवलीत तर क्वचित पानांना भोकं दिसतील. पण नव्व्याण्णव वेळा झाड आधी जास्त पाण्याने मूळकुजीला लागलेलं असतं, कुजक्या मुळांवर बुरशी येते, मग हे येतात, आणि आपण उपसून बघितल्यावर तेच दिसतात म्हणून खून त्यांच्या नावावर लागतो. कुंडी उपसलीत तर मुळं हाताने ओढून बघा: पांढरी, कडक असली तर झाड ठणठणीत, तपकिरी, साल सुटून येणारी असली तर दोष तुमच्या पाण्याच्या तांब्याचा.

मुलीबद्दल. हे चावत नाहीत, डंख नाही, रोग पसरवत नाहीत, अंगावर किंवा केसांत राहत नाहीत, धान्यात, कपड्यांत, लाकडात जात नाहीत. तिने ताटलीत बोट घातलं तर काळजी किड्यांची करू नका, साचलेल्या पाण्याची करा. त्याच ताटलीत डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि पांढऱ्या किड्यांनी तुमचं लक्ष तिकडे वेधलं हे त्यांचे उपकारच समजा. हात साबणाने धुवा, बस.

शेवटी एक गंमत. काचेच्या बरणीत झाडं लावणारे, टेरॅरियमवाले, असेच पांढरे स्प्रिंगटेल कोळशाच्या तुकड्यांवर वाढवतात आणि डबीत घालून विकतात. गिऱ्हाईक आलं की डबीत पाणी ओततात, किडे तरंगून वर येतात, ते पाण्यासकट बरणीत सोडतात, तुमची ताटली करते तेच. तुमच्या कुंडीतून काळ्या थाळीत किती निघाले ते मोजून ठेवा, पाणी कमी केल्यावर पंधरा दिवसांनी त्याच कुंडीतली दोन चमचे माती घेऊन पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा. बाथरूमच्या प्लॅस्टिकवर थेंब कुठल्या बाजूला आले तेही.